डोक्यावरचं लक्ष

हे घाईत वाचायचं नाही. हातातलं काम बाजूला ठेवता आलं तर ठेवा आणि एक लोखंडी पेटी डोळ्यांसमोर आणा. फुटपाथच्या कडेला तारांच्या जोडण्यांसाठी असते तशी, छातीभर उंचीची, वरून सपाट. आपल्याकडेही चौकाचौकांत असते. तिच्यावर क्लासच्या जाहिराती डकवलेल्या असतात आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. मी म्हणतो ती पेटी तेहरानमधली आहे. रस्त्याचं नाव इन्किलाब. तारीख 27 डिसेंबर 2017, वार बुधवार. विदा मोवाहेद नावाची एक तरुण बाई त्या पेटीवर चढते, डोक्यावरचा पांढरा रुमाल काढते, काठीच्या टोकाला बांधते आणि ती काठी पुढे धरून उभी राहते.

एवढंच. घोषणा नाहीत, पत्रकं नाहीत. खालून माणसं ये-जा करतायत. कुणी थबकतं, कुणी मोबाइल काढतं, कुणी मान खाली घालून पुढे सटकतं. मग पोलीस येऊन तिला घेऊन जातात.

तिच्या जागी स्वतःला लगेच उभं करू नका. तो मोह आपल्या सगळ्यांनाच होतो, आणि त्यात आपण फुकटात शूर होतो. आधी खाली, गर्दीत उभे राहा. हातात भाजीची पिशवी आहे, पुढची बस गाठायची आहे. वर एक बाई उघड्या डोक्याने उभी आहे. तुम्ही थांबता का? थांबलात तर किती वेळ? आपल्याला थांबलेलं कुणी पाहतंय का, हे बघायला तुमची मान आपोआप वळली का? ती मान वळण्यापाशी थोडा वेळ राहू या, कारण या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

पुढच्या काही आठवड्यांत त्याच रस्त्यावर आणि इतर शहरांतही बायका अशाच पेट्यांवर चढल्या. फेब्रुवारी 2018 च्या सुरुवातीला तेहरान पोलिसांनी 29 जणांना अटक केल्याचं सांगितलं. नंतर काही पेट्यांवर उतरती लोखंडी छपरं बसवण्यात आली, म्हणजे वर पाय ठरू नये. या छपरांवर मन रेंगाळतं. कुठल्या तरी कचेरीत कुणी तरी हा ठराव लिहिला असणार. कुणी पेटीचं माप घेतलं, पत्रा कापून आणला, काळा चष्मा लावून वेल्डिंग केलं, बिल सादर केलं. तोफा, तुरुंग, टीव्ही, न्यायालयं, सगळं हाताशी असलेल्या राजवटीला दीड हात सपाट जागेची भीती वाटली.

आता पेटी सोडा. डोक्यावरच्या कापडाकडे येऊ.

डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई मैत्रिणींशी बोलते, हसते, वळणावर टाळीही देते, पण तिचं लक्ष घागरीत असतं. आपल्या संतांनी हे उदाहरण भक्तीसाठी वापरलं. इराणमधल्या कित्येक बायकांच्या बाबतीत ते भीतीला लागू पडतं. डोक्याच्या रुमालाला तिकडे रुसरी म्हणतात. ती रेशमी असली की घसरते. वाऱ्याने मागे जाते. मूल कडेवर असलं की त्याच्या मुठीत येते. प्रत्येक वेळी हात वर जातो. बोलताना जातो, परीक्षेचा पेपर लिहिताना जातो, भांडतानाही जातो. दिवसातून किती वेळा, ते कुणी मोजत नाही. आणि डोळ्यांना एक जादा काम लागलेलं: चौकात पांढरी-हिरवी व्हॅन उभी आहे का? ही गश्त-ए-इर्शादची, सदाचाराची गस्त घालणाऱ्या पोलिसांची गाडी. कायदा 1983 चा. त्यात उघड्या डोक्याने फिरणाऱ्या बाईला 74 फटक्यांची शिक्षा लिहिलेली होती. पुढे तिची जागा अल्प मुदतीच्या कैदेने किंवा दंडाने घेतली. शाळेत मुलींचं डोकं पहिलीपासून झाकलेलं.

स्वतःच्या हाताकडे बघा. तो आज सकाळपासून किती वेळा कुणाच्या धाकाने हलला? बहुतेक पुरुष वाचकांना पटकन काही आठवणार नाही. बायकांना आठवेल: पदर, ओढणी, बसमधलं बसणं. पण थांबा, दोन्ही एकच असं म्हणायचं नाहीये. पदर सरकला तर आपल्याकडे सासू बोलते, शेजारी बघतो; तिथे पोलीस ठाणं, न्यायाधीश आणि तुरुंग आहे. लोकलाज आणि कायदा यांत फरक आहे, तो पुसू नये.

याच कापडाची उलटी गोष्टही ध्यानात धरावी लागते. 8 जानेवारी 1936 रोजी रझा शाह पहलवी आपल्या राणीला आणि मुलींना उघड्या डोक्याने तेहरानच्या शिक्षक महाविद्यालयातल्या समारंभाला घेऊन गेला, आणि देशभरातल्या बायकांनी पडदा सोडावा असा हुकूम निघाला. पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या चादरी, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची पांघरुणं, ओढून काढल्या. इराण आधुनिक दिसायला हवा होता. आता त्या काळातल्या एखाद्या प्रौढ बाईपाशी बसा. जन्मभर चादरीशिवाय उंबरठा ओलांडलेला नाही. घरात न्हाणीघर नाही. अंघोळीला सार्वजनिक हमामात जावं लागतं. रात्रीच्या अंधारात, गच्च्यांवरून लपत हमाम गाठणाऱ्या बायकांच्या आठवणी इराणी घरांत अजून सांगितल्या जातात. कित्येकींनी बाहेर पडणंच सोडलं. मुलींच्या शाळा सुटल्या. 1941 मध्ये रझा शाह पायउतार झाला तेव्हा ही सक्ती ढिली पडली.

म्हणून 1978 मध्ये शाहविरोधी मोर्च्यांत शिकल्यासवरल्या, एरवी स्कर्ट घालणाऱ्या मुलीही चादर ओढून उतरल्या, तेव्हा त्यांना त्यात गुलामी दिसली नाही. ती रझा शाहच्या पोराच्या राज्याला चपराक होती. तेच कापड, पण यावेळी त्यांनी स्वतः उचललेलं.

मग 1979 चा फेब्रुवारी. शाहची राजवट कोसळली. महिना उलटायच्या आत, 7 मार्चला, क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनींनी सांगितलं की सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाब घालूनच यावं. दुसऱ्या दिवशी 8 मार्च, महिला दिन होता. तेहरानात बर्फ पडत होता. त्या बर्फात हजारो बायका रस्त्यावर आल्या: परिचारिका, शिक्षिका, कारकून, विद्यार्थिनी, वकील. कालपरवा क्रांतीसाठी घसा फोडलेल्या त्याच. हेंगामेह गोलेस्तान या छायाचित्रकार बाईने त्या दिवशी काढलेले फोटो मिळाले तर जरूर पाहा. फोटोतल्या बायकांच्या चेहऱ्यांवर राग आहे, पण त्याहून जास्त उत्साह आहे. आपण जिंकणार याची खात्री आहे. समोरून जमाव ओरडत होता: या रुसरी, या तुसरी. म्हणजे रुमाल घ्या, नाहीतर डोक्यात तडाखे खा. मोर्चे काही दिवस चालले, सरकार जरा मागे सरकलं, सक्ती नाही अशी सारवासारव झाली. 1980 मध्ये कचेऱ्यांत सक्ती आलीच, आणि 1983 मध्ये सगळीकडे.

मार्च 1979 च्या त्या आठवड्यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त छळते, आणि ती विरोधकांची नाही, मित्रांची आहे. डाव्या, पुरोगामी, लढवय्या संघटनांतल्या बहुतेकांनी या बायकांना साथ दिली नाही. साम्राज्यवादाशी लढाई चालू आहे, क्रांती नाजूक आहे, कापडाचा प्रश्न दुय्यम आहे, आत्ताच का? आधी राजकीय की आधी सामाजिक हा वाद मराठी वाचकाला समजावून सांगायला नको, टिळक-आगरकरांपासून आपण तो उगाळतोय. पण इराणमध्ये ‘आत्ताच का’ची किंमत चार दशकं चुकती झाली. ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्या संघटनाही काही वर्षांत चिरडल्या गेल्या. तुम्ही स्वतः कुणाला तरी, कधीतरी, हे दोन शब्द म्हणाला असाल. घरात म्हणाला असाल. कोणाला, ते आठवून बघा. मला सांगू नका.

इथून पुढचा भाग जड आहे. सावकाश जाऊ.

13 सप्टेंबर 2022. साक्केझ या कुर्दी शहरातली 22 वर्षांची महसा अमिनी, घरच्यांची जिना, कुटुंबासोबत तेहरानला आलेली. हक्कानी मेट्रो स्टेशनजवळ, भावासोबत असताना गस्तीने तिला उचललं आणि वोझारा रस्त्यावरच्या ठाण्यात नेलं. काही तासांत ती कोसळली. कसरा रुग्णालयात तीन दिवस बेशुद्ध होती. 16 तारखेला गेली. जुना आजार होता, असं सरकार म्हणालं. घरच्यांनी ते नाकारलं. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने मार्च 2024 मध्ये म्हटलं की कोठडीतल्या मारहाणीमुळे तिचा मृत्यू झाला.

रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये तिच्या घरची माणसं एकमेकांना धरून उभी आहेत, असा एक फोटो आहे. ‘शर्घ’ दैनिकाच्या वार्ताहर निलुफर हामेदी यांनी तो जगापुढे आणला. साक्केझच्या दफनाची बातमी ‘हम-मिहन’च्या इलाहेह मोहम्मदींनी दिली. दोघींनाही अटक झाली. सुमारे सोळा महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, त्या जामिनावर सुटल्या. एकीने फोटो दाखवला, दुसरीने दफनाला जाऊन पाहिलं ते लिहिलं. गुन्हा एवढाच.

दफन 17 तारखेला आइची कब्रस्तानात झालं. तिथे बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले. कुर्दी स्त्रियांच्या लढ्यात आधीपासून असलेली घोषणा त्या कब्रस्तानातून निघाली: जिन, जियान, आझादी. स्त्री, जीवन, स्वातंत्र्य. आठवडाभरात ती फारसीत तेहरानच्या विद्यापीठांत, मग शाळांत पोचली. चाळिसाव्याला, 26 ऑक्टोबरला, रस्ते अडवले होते तरी माणसं शेतांतून, टेकड्यांवरून चालत कबरीकडे गेली.

त्या हिवाळ्यापर्यंत मानवाधिकार संघटनांच्या मोजणीनुसार निदर्शनं चिरडताना पाचशेहून अधिक माणसं मारली गेली. त्यांत कितीतरी अल्पवयीन. सीस्तान-बलुचिस्तानातल्या झाहेदानमध्ये 30 सप्टेंबरला, शुक्रवारच्या नमाजानंतर, एका दिवसात अनेक डझन माणसं गेली. डिसेंबरमध्ये निदर्शकांना फाशी देणं सुरू झालं. मशहदमध्ये एका तरुणाला उघड्यावर, क्रेनला लटकवलं. छर्ऱ्यांनी शेकडो जणांचे डोळे अधू झाले किंवा गेले, इतके की नेत्रतज्ज्ञांनी एकत्र येऊन पत्र लिहून याकडे लक्ष वेधलं. आकड्यांवर मनन होत नाही. एका डोळ्यावर होतं. आपला डावा डोळा तळहाताने झाका आणि पुढच्या दोन ओळी तशाच वाचा. अंतराचा अंदाज चुकतो, पायरी कळत नाही, कप टेबलाच्या कडेला आदळतो. आता असं समजा की हा तळहात कधीच निघणार नाही, आणि आरशात पाहणारी मुलगी वीस वर्षांची आहे. त्या मुलींपैकी काहींनी डोळ्यावर पट्टी असलेले आपले फोटो स्वतःहून प्रसिद्ध केले. हसताना काढलेले.

त्याच दिवसांत केस कापण्याचे व्हिडिओ जगभर फिरले. भावाच्या दफनावेळी एक बहीण केस कापते, ते पाहून बाहेरच्या माणसाला वाटतं, हा नवा निषेध आहे. तो नवा नाही. शाहनाम्यात सियावशचा खून झाल्यावर त्याची बायको फरंगीस आपले केस कापून कमरेला बांधते. शोकाची ती फार जुनी रीत आहे, इराणी माणसाला न सांगता कळणारी. पुढे फ्रान्समधल्या नामवंत नट्यांनी कॅमेऱ्यासमोर बटा कापल्या, युरोपच्या संसदेत एका सदस्याने केस कापले. त्यांची कळकळ खोटी नव्हती. पण त्या बटांसाठी कुणाला फार काही पणाला लावावं लागलं नाही, हेही खरं.

आणि आपण? त्याच सुमारास आपल्याकडे कर्नाटकातल्या कॉलेजांत हिजाबबंदीचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. 13 ऑक्टोबर 2022 ला दोन न्यायमूर्तींचा निकाल दुभंगला. युक्तिवादात इराणचं नाव निघालं. टीव्हीवर तर रोज निघत होतं. बंदीवाल्यांना इराणच्या मुली एकदम आवडू लागल्या, आणि बंदीविरोधकांपैकी काहींना इराणबद्दल बोलताना शब्द जड झाले. दोन्ही बाजूंना त्या मुलींशी फारसं देणंघेणं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. 2018 च्या सुरुवातीचं एक छायाचित्र या सगळ्यांना दाखवायला हवं: तशाच पेटीवर एक बाई उभी आहे, पायघोळ काळ्या चादरीत गुंडाळलेली, आणि तिच्या हातातल्या काठीला रुमाल बांधलेला आहे. स्वतः चादर न सोडता ती शेजारणीच्या उघड्या डोक्यासाठी उभी राहिली. कर्नाटकातल्या उडुपीच्या मुलीला वर्गात रुमालासकट बसू द्या म्हणणारा, आणि तेहरानच्या मुलीला रुमालाशिवाय फिरू द्या म्हणणारा, एकच माणूस असू शकतो. तो तुम्ही आहात का, हे पडताळून पाहायला हरकत नाही. मधे कुठे अडखळायला झालं, तर तीच जागा बोट ठेवून बघायची.

नर्गिस मोहम्मदींचं नाव ऐकलं असेल. शिकल्या पदार्थविज्ञान, नोकरी अभियंत्याची, काम मानवाधिकारांचं. नोबेल समितीने 2023 च्या शांतता पुरस्कारावेळी त्यांचा हिशोब मांडला: 13 अटका, 5 शिक्षा, एकूण 31 वर्षांची कैद आणि 154 फटके. डिसेंबरमध्ये ऑस्लोला त्यांची जुळी मुलं, किआना आणि अली, भाषण वाचायला उभी राहिली. आई तेहरानच्या एविन तुरुंगात. पण पुरस्कारापेक्षा त्याआधीचा नोव्हेंबर मला मोठा वाटतो. हृदयाच्या तपासण्यांसाठी त्यांना रुग्णालयात न्यायचं होतं. अट होती डोक्यावर रुमालाची. त्या म्हणाल्या, घालणार नाही. तुरुंगाने नेलं नाही. त्यांनी उपोषण धरलं. अखेर दोनेक दिवसांनी त्यांना उघड्या डोक्यानेच नेण्यात आलं. कैदी आहेत, छातीत दुखतंय, बाहेर कुणी बघणारं नाही, फाटकापासून गाडीपर्यंतचा प्रश्न. घ्यावा ना डोक्यावर पाच मिनिटं, असं मनात आलं का? माझ्या आलं होतं. तो प्रेमातून आलेला विचार आहे, आणि राजवट अशा प्रेमळ विचारांच्या जिवावरच वर्षानुवर्षं चालते.

2022 नंतर रस्त्यावरचे मोर्चे दडपले गेले, ते दडपले गेलेच. पण तेहरानच्या मेट्रोत, कॅफेंत, बाजारात कितीतरी बायका रुमालाशिवाय फिरू लागल्या. काठीला रुमाल नाही, घोषणा नाही. औषधं घ्यायला निघाल्यात. हे राजवटीला जास्त अवघड गेलं. बंडखोर बाई तिला समजते, तिच्यासाठी तुरुंग बांधलेले आहेत. सहज चालणाऱ्या बाईचं काय करायचं? एप्रिल 2023 पासून चौकांत कॅमेरे लावले. गाडीत कुणी उघड्या डोक्याने दिसलं की मालकाच्या मोबाइलवर संदेश यायचा. पुन्हा आला तर गाडी जप्त व्हायची. अशा बायकांना चहा देणाऱ्या कॅफेंना सील. ऑक्टोबर 2023 मध्ये तेहरानच्या मेट्रोत आर्मिता गेरावंद ही 16 वर्षांची मुलगी डब्यात शिरली आणि काही क्षणांत बेशुद्धावस्थेत बाहेर काढली गेली, महिनाअखेर गेली. आत काय झालं त्याचं चित्रण कधी बाहेर आलं नाही. संसदेने आणखी कडक कायदा संमत केला. तो 13 डिसेंबर 2024 ला लागू व्हायचा होता, पण अध्यक्ष पेझेश्कियान यांनीच शंका काढल्या आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तो थांबवून ठेवला. रद्द केला नाही. जुना कायदाही पुस्तकात आहे तसाच आहे.

म्हणून शेवटी एका घरात जाऊ. घर कल्पनेतलं आहे, पण अशी घरं पुष्कळ असणार. आजी पासष्टीची, 1979 च्या बर्फात चालली होती. आईचं सगळं आयुष्य रुसरी सावरण्यात गेलं. नात विद्यापीठात निघाली आहे, डोकं उघडं. आजी काही बोलत नाही, चहा ढवळते. आईला बातम्यांतले डोळे आठवतात, मेट्रो आठवते, गेल्या महिन्यात आलेला गाडीचा संदेश आठवतो. ती म्हणते, निदान पिशवीत तरी ठेव. मुलगी म्हणते, पिशवीत असला की हात तिकडे जातो.

आईच्या जागी तुम्ही आहात. मुलगी बूट घालतेय, उशीर झालाय. काय म्हणाल? उत्तर पटकन देऊ नका. त्या घरातही ते रोज एकसारखं येत नाही.